एक्सेलला वैतागलेय, गुंतागुंतीच्या प्रोजेक्टसाठी सॉफ्टवेअर सुचवा

साखरझोप:
मंडळी, मदत हवीये. एक नवीन मशीन बाजारात आणायचं काम चालू आहे, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर अशा तीन टीम, वर बाहेरचे दोन व्हेंडर, दीडशेच्या आसपास टास्क, आणि हा सगळा पसारा मी एकटी एका एक्सेल शीटमध्ये सांभाळतेय. गेल्या आठवड्यात व्हेंडरने कळवलं की मोल्ड तीन आठवडे उशिरा मिळेल, तर अख्खी संध्याकाळ मी खालच्या तारखा हाताने सरकवत बसले आणि तरी टेस्टिंगची एक ओळ राहिलीच, नेमकी तीच बॉसच्या नजरेला पडली. आता म्हणतात सॉफ्टवेअर घेऊ, कुठलं ते तूच ठरव. नावं बघूनच गरगरलंय.

तिरपागडा:
ट्रेलो घ्या. कार्ड इकडून तिकडे ओढायचं की झालं.

जुना_खेळाडू:
तिरपागडा, ट्रेलो छानच आहे पण इथे पुरणार नाही. बोर्डवर आत्ता काय चाललंय ते दिसतं, एक काम घसरलं की मागोमाग काय काय घसरणार ते दिसत नाही. ताई, तुमचं खरं दुखणं डिपेंडन्सीचं, म्हणजे कुठलं काम कशावर अडलंय त्याचं आहे, त्यामुळे क्रिटिकल पाथ काढून देणारं टूल बघा. ही पद्धत १९५०च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँटच्या केमिकल प्लांटच्या कामांसाठी निघाली आणि अजून तीच चालते. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकमेकांत अडकलेल्या कामांची जी सगळ्यात लांब साखळी तो क्रिटिकल पाथ, त्यातलं काम एक दिवस लांबलं की प्रोजेक्ट एक दिवस लांबतो, बाकीच्या कामांना थोडीफार सवड असते, तिला फ्लोट म्हणतात. तुमच्या मोल्डला चार आठवडे फ्लोट असेल तर तीन आठवडे उशीर होऊनही शेवटची तारीख हललीच नसती!
आता टूल. एमएस प्रोजेक्ट १९८४पासून आहे, तुमच्या आकाराच्या कामाला पुरून उरेल. प्रायमावेरा रिफायनरी, मेट्रो असल्या कामांसाठी, हजारो अ‍ॅक्टिव्हिटी असतात तिथे. दीडशे टास्कसाठी ते म्हणजे पत्र टाकायला हत्तीवरून जाणं.

बग_वेचक:
सॉफ्टवेअरवाले जिरा (बग आणि टास्क नोंदवायचं त्यांचं टूल) वापरत असतील तर त्यांना तिथून हलवायच्या भानगडीत पडू नका, ते येणार नाहीत, मीही आलो नसतो. आणि मेकॅनिकलवाल्यांना स्प्रिंट, स्टोरी पॉइंट असली सॉफ्टवेअरवाल्यांची पद्धत शिकवायलाही जाऊ नका. सॉफ्टवेअरवाल्यांचे फक्त मोठे टप्पे तुमच्या मेन शेड्यूलमध्ये घ्या, आतलं त्यांचं त्यांना बघू दे.
(जिरा हे नाव गोजिरावरून आलंय, गॉडझिलाचं जपानी नाव. आपल्याकडचा गोजिरा नव्हे, दोन दिवस वापरलं की फरक कळतो.)

ओव्हरटाइम:
वरचं सगळं बरोबर आहे पण माझा अनुभव ऐका. आम्ही एक भारी टूल घेतलं, नाव घेत नाही कारण चूक आमचीच होती, प्रत्येक टास्कला अकरा रकाने भरायला लावले, चार महिन्यांत फक्त मी एकटा अपडेट करत होतो आणि बाकीची जनता व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकत होती. म्हणून आधी ठरवा की दर आठवड्याला माहिती कोण भरणार. ट्रायल घेताना त्यांचा तयार डेमो बघत बसू नका, स्वतःच्या प्रोजेक्टचा अडचणीचा तुकडा टाका आणि एक काम मुद्दाम लांबवून बघा काय होतं ते. सगळा डेटा परत बाहेर काढता येतो का तेही तेव्हाच तपासा.

साखरझोप:
आभार सगळ्यांचे. फुकटात आधी शिकता येईल असं काही?

जुना_खेळाडू:
प्रोजेक्टलिब्रे, ओपन सोर्स आहे, एमएस प्रोजेक्टच्या फाइल उघडतं, पण एकाच्या कॉम्प्युटरवर बसून करायचं काम. सगळ्यांनी मिळून वापरायचं तर ओपनप्रोजेक्टची कम्युनिटी एडिशन, ती स्वतःच्या सर्व्हरवर टाकावी लागते, आयटीवाल्यांना गाठा.
एक मात्र लक्षात ठेवा, एक्सेलमधल्या तारखा जशाच्या तशा टाइप करू नका. एमएस प्रोजेक्टमध्ये ऑटो शेड्यूल (तारखा टूलनेच काढायच्या) असताना स्टार्ट डेट हाताने टाकली की ते गुपचूप 'याच्या आधी सुरू करायचं नाही' अशी अट लावतं, मग मागचं काम लवकर संपलं तरी पुढचं जागचं हलत नाही. नुसते दिवस आणि लिंक द्या, तारखा त्यालाच काढू दे. आणि २०१०च्या व्हर्जनपासून नवीन टास्क मॅन्युअल मोडमध्ये (तारखा हाताने टाकायच्या) येतात, ते आधी ऑटोवर करा, नाहीतर पुन्हा एक्सेलच.

तिरपागडा:
वाचनखूण साठवलीये. ट्रेलो मागे घेतो.

साखरझोप:
अपडेट. प्रोजेक्टलिब्रेमध्ये मोल्डपासून टेस्टिंगपर्यंतचे चाळीसेक टास्क टाकून बघितले. मोल्डला २२ दिवस फ्लोट निघाला, म्हणजे ती संध्याकाळ फुकट गेली. शून्य फ्लोट कुठे आहे म्हणाल तर कंट्रोल बोर्डच्या ड्रॉइंगच्या अप्रूव्हलवर, आणि ते ड्रॉइंग गेले नऊ दिवस बॉसच्या टेबलावर पडलंय. हा चार्ट त्यांना दाखवायचा कसा, यासाठी वेगळा धागा काढू का?