स्ट्रीट फायटर ६: ऑनलाइन खेळ आणि पात्रांविषयीची न रुचणारी मते

सावध_बचाव यांचा प्रश्न

जून २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ६ हा कॅपकॉम कंपनीचा मारामारीचा व्हिडिओ गेम आला तेव्हापासून दोन तक्रारी सतत कानावर येत आहेत. मॉडर्न कंट्रोलमुळे (अवघड चाली एका बटणावर आणणाऱ्या नियंत्रणपद्धतीमुळे) ऑनलाइन खेळण्यात राम उरला नाही, ही पहिली. आणि आपले आवडते जुने पात्र अजून का आले नाही, ही दुसरी. मला दोन्ही पटत नाहीत.

मॉडर्नमध्ये एका बटणावर निघणाऱ्या स्पेशल (पात्राच्या खास चाली) आणि सुपरची (साठवलेल्या शक्तीवर निघणाऱ्या मोठ्या चालींची) इजा २० टक्क्यांनी कमी होते, शिवाय क्लासिकमधील (स्टिक फिरवून खेळायच्या जुन्या पद्धतीतील) काही साधे ठोसे आणि लाथा त्यात मुळातच नसतात. सोयीची किंमत अशी आधीच वसूल केलेली आहे. २०१७ मध्ये पाचव्या भागात एड दाखल झाला तेव्हा त्याचे स्पेशल स्टिक न फिरवता, केवळ बटणांवर निघत असत. एका पात्राला चालणारी सोय सर्वांना दिल्याबरोबर ती लबाडी कशी ठरते, हे मला कोणी समजावून सांगावे.

पात्रांविषयीचे माझे मत कदाचित अधिकच खटकेल. सुरुवातीच्या १८ पात्रांपैकी जेमी, किंबर्ली, मरीसा, मॅनॉन, लिली आणि जेपी ही सहा पात्रे पूर्णपणे नवी होती. पुढील तीन वर्षांसाठी जाहीर झालेल्या १२ पात्रांमध्ये मात्र ए.के.आय. वगळता एकही नवे नाही. रशीदपासून इन्ग्रिडपर्यंत सगळे एक तर या मालिकेत पूर्वी येऊन गेलेले आहेत किंवा टेरी आणि माई यांच्याप्रमाणे दुसऱ्या मालिकेतून आलेले पाहुणे. शिळ्या कढीला किती काळ ऊत आणायचा? यापुढे निदान एक वर्ष एकही जुने पात्र आणू नये, असे मला वाटते. सहमत नसाल तर कारणे द्यावीत.

उडता_गुडघा यांचे उत्तर

मॉडर्नविषयी असहमत आहे, पण आपण ज्या बाजूने युक्तिवाद केला आहे तिच्या विरुद्ध बाजूने नव्हे. २० टक्क्यांचा हिशेब सगळेच मांडतात; प्रश्न इजेचा नसून वेळेचा आहे. झांगीफ या पैलवान पात्राचा तिसऱ्या पातळीचा सुपर क्लासिकमध्ये काढायचा तर स्टिक दोन पूर्ण फेरे फिरवावी लागते, आणि उभ्या जागी तसे करताना पात्र उडी मारण्याची भीती असल्यामुळे खेळाडूला ते फेरे एखाद्या दुसऱ्या हालचालीत लपवावे लागतात. त्या लपवण्याचा अंदाज बांधून समोरचा सावध होऊ शकतो. मॉडर्नमध्ये तोच सुपर स्वस्थ उभे राहून निघतो, म्हणून ओळखण्यासारखी पूर्वसूचनाच उरत नाही. इजा निम्मी केली तरी ही अडचण सुटणार नाही.

एडचे उदाहरण म्हणूनच मला लागू वाटत नाही. त्याचे सगळे मूव्ह (चाली) त्या सोयीला धरूनच बेतलेले होते. झांगीफचे तसे नाहीत. तरीही मॉडर्न काढून टाकावे असे मी म्हणणार नाही. त्याच्याविरुद्ध खेळताना जवळ जाण्याचे अंतर वेगळे धरावे लागते, आणि ते शिकण्याची तयारी नसलेले लोकच सर्वाधिक आरडाओरडा करतात.

फ्रेममोज्या यांचे उत्तर

ऑनलाइन खेळाविषयीची सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत पोकळ तक्रार आपण सोडूनच दिलीत: "लॅगमुळे (नेटवर्कच्या विलंबामुळे) हरलो." या गेममध्ये रोलबॅक ही पद्धत आहे. प्रतिस्पर्ध्याने दाबलेले बटण वेळेत पोचले नाही, तर गेम थांबत नाही. त्याने आधी जे धरले होते तेच अजून धरले आहे असे मानून तो पुढे जातो, आणि खरी माहिती आल्यावर मागे जाऊन मधल्या फ्रेम (सेकंदाच्या साठाव्या भागाची एकेक चित्रे) नव्याने मोजतो. आपल्या बटणांना लागणारा विलंब त्यामुळे बहुतांशी स्थिर राहतो. आपण गमावतो ती समोरच्याच्या मूव्हची सुरुवात.

हे नीट पाहिले की तक्रारींची आपोआप चाळणी होते. ड्राइव्ह इम्पॅक्ट (समोरचा मार झेलत केलेला जोरदार प्रहार) लागू पडायला २६ फ्रेम लागतात, म्हणजे सुमारे ४३३ मिलिसेकंद. त्यातल्या पहिल्या चार फ्रेम दिसल्या नाहीत असे धरले तरी २२ फ्रेम, म्हणजे ३६० मिलिसेकंदांहून अधिक वेळ हातात राहतो. तेवढ्यात उलट ड्राइव्ह इम्पॅक्ट न मारता येणाऱ्याने नेटवर्कला दोष देणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे. कोपऱ्यात अडकवून पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या थ्रोचेही (पकडून आपटण्याचेही) तेच. थ्रो पाच फ्रेममध्ये लागतो. तो शेजारी बसून खेळतानाही डोळ्यांनी पाहून सोडवता येत नाही, अंदाजच करावा लागतो. त्याचा त्रास होत असेल तर ती नियमांविषयीची तक्रार आहे, ऑनलाइन खेळाविषयीची नव्हे.

खरा फरक पडतो तो ड्राइव्ह रशमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे झपाट्याने धावण्याच्या चालीत. लांबून अंगावर येणाऱ्या माणसाच्या धावेची सुरुवातच गिळली गेली, तर तो अर्ध्या वाटेत असतानाच आपल्याला प्रथम दिसतो, आणि साध्या लाथेने त्याला रोखण्याची संधी निघून जाते. ड्राइव्ह शक्तीच्या सहा पट्ट्यांपैकी एक खर्चून मिळणारी ही चाल ऑनलाइन खेळात तिच्या किमतीहून अधिक फायदा देते. म्हणून माझे न रुचणारे मत असे की, ड्राइव्ह रश महाग करावा आणि ड्राइव्ह इम्पॅक्टला कोणी हात लावू नये.

वायफायवरील खेळाडूंना नकार देण्याबाबत लोक संकोच करतात, तो अनाठायी आहे. सरासरी वेग उत्तम असला तरी त्यातील चढउतारच रोलबॅकला छळतो.

निवांत_हिरवळ यांचे उत्तर

वरील सगळे मान्य, पण रँक्डमध्ये (क्रमवारीच्या लढतींत) दोन सामने जिंकण्याची सोय असताना एक जिंकून निघून जाणाऱ्यांनी माझा जितका विरस केला आहे, तितका कोणत्याही लॅगने केलेला नाही. पहिल्या सामन्यात समोरच्याच्या सवयी ओळखायच्या आणि दुसऱ्यात त्यांचा उपयोग करायचा, हाच या खेळाचा गाभा आहे. दुसरा सामना सक्तीचा करावा.

जुना_शोर्युकेन यांचे उत्तर

पात्रांच्या मुद्द्यावर मूळ लेखकाशी माझा वाद आहे. १९९७ मध्ये तिसरा भाग आला तेव्हा कॅपकॉमने हेच केले होते. र्यू आणि केन सोडले तर सगळे चेहरे अनोळखी होते, मालिकेतली जुनी चुन-लीसुद्धा नव्हती. तिला १९९९ च्या थर्ड स्ट्राइकमध्ये (तिसऱ्याच भागाच्या सुधारित आवृत्तीत) परत आणावे लागले. आता आपण ज्यांना शिळे म्हणता त्या एलेना आणि अ‍ॅलेक्स त्याच १९९७ च्या नवख्यांमधले आहेत. नवी पात्रे रुजायला कधी कधी असा दीर्घ काळ जातो.

मात्र आपल्या तक्रारीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, असे मला वाटते. पाचव्या भागात प्रत्येकाचे व्ही-ट्रिगर (मापक भरल्यावर सुरू करायची खास शक्ती) वेगळे होते. सहाव्यात ड्राइव्हची सगळी हत्यारे सर्वांना सारखीच मिळाली. परिणामी मध्यम लाथ, तिच्यातून ड्राइव्ह रश आणि पुढचा मारा, ही साखळी निम्म्याहून अधिक पात्रांच्या हाती दिसते. या सारखेपणातून सुटलेली पात्रे पाहा: जेमी घोट घेऊन चार पातळ्यांपर्यंत वाढतो, लिली वाऱ्याचे तीन साठे जमवते, मॅनॉनची पदके पाचपर्यंत जातात आणि फेरी संपली तरी जात नाहीत. मॅनॉनविरुद्ध पहिली फेरी जिंकूनही दुसऱ्या फेरीत तिच्या एकाच पकडीची धास्ती वाटू लागते, कारण हरलेल्या फेरीतली कमाई तिच्याकडे शिल्लक असते. असे वजन केन किंवा अकुमाच्या कोणत्याही मूव्हला नाही.

सावध_बचाव यांचे प्रत्युत्तर

१९९७ चा दाखला बिनतोड आहे, पण तो नव्या पात्रांविरुद्ध नसून सगळेच एकदम नवे आणण्याविरुद्ध आहे. मी बारापैकी एकाविषयी बोलत होतो. मॅनॉनच्या पदकांचा मुद्दा मात्र मी माझ्या मागणीत जोडून घेतो. सगतलाही असा एखादा स्वतःचा साठा दिला असता तर माझी तक्रार नसती. ड्राइव्ह रश महाग करण्याबाबत फ्रेममोज्या यांना विचारावेसे वाटते: किंमत दोन पट्ट्या केली, तर ज्याचा सगळा खेळच जवळ पोचण्यावर अवलंबून आहे त्या मरीसाचे काय करणार?