शब्दचर्चा: हायब्रीड गाडीतली 'उसनी' वीज

घाटवळण
हायब्रीड गाडी, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, पेट्रोल कमी कसं जाळते, यावरची एक पुस्तिका मराठीत करतोय. 'हायब्रीड'ला 'संकरित' लिहून घरी वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, "ज्वारीबद्दल आहे का?" ते हायब्रीडच ठेवलं. 'रीजनरेटिव्ह ब्रेकिंग'ला (ब्रेक लावताना वीज परत मिळवणं) 'पुनर्जननी ब्रेक' लिहिलं तर पुनर्जन्म आठवतो. सगळ्यात अडलंय ते 'इक्विव्हॅलंट कन्झम्प्शन'वर, म्हणजे बॅटरीतली वीजही पेट्रोलच्या हिशोबात धरून मोजलेला खप. 'समतुल्य उपभोग' लिहिलं आणि माझं मलाच कळेना.

पाचवा गिअर
ब्रेकसाठी 'वसुली' घ्या. मुंबईच्या लोकलमध्ये तेच होतं: ब्रेक लागला की मोटरी जनरेटर होतात आणि वीज वरच्या तारेत परत जाते. शिवाय वसुली कधीच शंभर टक्के होत नाही, हेही त्या शब्दात आलंच.
(एक विनंती: 'मोटर' आणि 'मोटार' नीट वेगळे ठेवा. 'मोटारीची मोटर'वर मुद्रितशोधक हमखास कात्री चालवतात.)

सुपारीफूल
'इक्विव्हॅलंट कन्झम्प्शन'मधल्या बॅटरीच्या विजेसाठी 'उसनी वीज'. 1997 साली जपानमध्ये टोयोटाची हायब्रीड प्रियस आली, तिला चार्जिंगची पिन नव्हतीच. बॅटरीतली सगळी वीज शेवटी पेट्रोलचीच. वसुलीची सुद्धा, कारण गाडीला वेग पेट्रोलनेच दिलेला. म्हणजे बॅटरी वापरणं फुकट नाही, आज घ्यायचं आणि पुढे इंजिनाने फेडायचं. परवा एका हायब्रीडमध्ये बसले होते. सिग्नलला इंजिन गप्प. हिरवा लागला, गाडी आवाज न करता रांगत पुढे सरकली, आणि मोकळा रस्ता लागल्यावर कुठे इंजिन घरघरलं. रांगताना इंजिन पितं फार आणि राबतं थोडं, म्हणून उसनं घेणं तिथेच परवडतं.

जुनी पायली
शब्द गोड आहे, पण उसनं म्हणजे घेतलं तेवढंच परत. वाटीभर साखर, वाटीभर साखर. इथे तसं नाही. इंजिन चांगलं चाललं तरी पेट्रोलमधल्या ऊर्जेचा 35-40 टक्केच भाग कामाला येतो, वर जनरेटर आणि बॅटरीतली गळती. 1 युनिट वीज फेडायला पेट्रोलमधली तीनेक युनिटं जातात. आमच्याकडे पेरणीला धान्य सवाईने, दिडीने आणायचे, म्हणजे फेडताना सव्वापट, दीडपट. हे त्याहून महाग.

सुपारीफूल
मान्य. पण 'दिडी' शहरात कोणाला कळणार? आणि सावकार डोळ्यांपुढे येतो तो वेगळाच.

पाचवा गिअर
मग 'उसनी वीज' राहू दे आणि सोबत 'परतफेडीचा भाव' द्या. दर नको, भावच. दर कोणीतरी ठरवून देतं, भाव चढतो-उतरतो. गाडीतला संगणक तेच करतो: बॅटरी उतरायला लागली की विजेचा भाव चढवतो, मग इंजिन चालवणंच स्वस्त पडतं. बॅटरी भरत आली की भाव पाडतो. क्षणाक्षणाला पेट्रोल अधिक विजेची पेट्रोलमधली किंमत, ही बेरीज कमीत कमी ठेवायची.

घाटवळण
म्हणजे 'इक्विव्हॅलंट कन्झम्प्शन' म्हणजे 'उसनवारी धरून खप'. छापतो. फक्त प्लग-इन हायब्रीडचं एक प्रकरण आहे, तिथे बॅटरी घरच्या प्लगवर भरतात.

जुनी पायली
तिथे उसनी कसली? ती गाठीची वीज.