उपजेची रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकावी का?

काळी तबकडी:
जॅझ, फ्री इम्प्रोव्हायझेशन आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं पाश्चात्त्य अभिजात संगीत, या तिन्हींच्या रेकॉर्ड मी गेली २२ वर्षं जमवतोय. परवा एका मित्राने विचारलं, जे संगीत त्या क्षणी सुचलं आणि तिथेच संपलं, ते कपाटात लावून ठेवण्यात काय अर्थ आहे? प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मांडतो.

माझं मत असं. लिहिलेल्या संगीताला कागदाचा आधार असतो. कुणी वाईट वाजवलं तरी रचना शाबूत राहते. उपजेला, म्हणजे वाजवता वाजवता सुचलेल्या संगीताला, असा आधार नाही. रेकॉर्ड हाच तिचा कागद, आणि चांगला मजकूर कुणी एकदाच वाचून बाजूला ठेवत नाही.

जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचं 'फ्री जॅझ' घ्या. २१ डिसेंबर १९६० ला दोन चौकड्या एकाच वेळी वाजवत होत्या. एक डाव्या स्पीकरमधून ऐकू येते, दुसरी उजव्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ३७ मिनिटं नुसता गलका वाटला होता. पुढे कधीतरी मी फक्त दोन बासवादकांकडे कान लावून बसलो. डावीकडे स्कॉट लाफारो, चपळ, सारखा वरच्या सुरांकडे धावणारा. उजवीकडे चार्ली हेडन, खर्जात पाय रोवून उभा. त्या दिवसापासून तो गलका उरला नाही. हे एका ऐकण्यात झालं असतं, असं मला वाटत नाही.

अनवट:
मी पूर्ण विरोधात आहे. तुम्ही जे वर्णन केलंत तो उत्तम अभ्यास झाला, पण तो उपजेचा अनुभव नव्हे. लाफारोला पुढचा सूर माहीत नव्हता. तुम्हाला मात्र दहाव्या वेळी माहीत असतो. म्हणजे तो जे करत होता त्याच्या नेमकं उलट तुम्ही करताय.

आणि हे वाजवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय. ब्रिटिश संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू एएमएम या उपजेने वाजवणाऱ्या गटात स्वतः वाजवायचा. त्याने १९७१ मध्ये छापलेल्या निबंधात म्हटलंय की अशा संगीताच्या रेकॉर्डमध्ये फार तर आकार टिकतो, ती जागा आणि ती वेळ येत नाही. खोलीतली थंडी, समोरचे चार श्रोते, बाहेरचा आवाज, हे सगळं त्या वादनात मिसळलेलं असतं.

कीथ जॅरेटचं कोलोनचं वादन तर सगळ्यांनाच माहीत आहे. २४ जानेवारी १९७५. मागवलेला पियानो आलाच नाही. समोर होता एक छोटा, वरचे सूर पातळ, खालचे पोकळ. म्हणून तो मधल्या पट्टीत राहिला आणि डाव्या हाताने तेच तेच आवर्तन धरून बसला. ती अडचणच त्या संगीताची आई. आता त्याची स्वरलिपी छापलेली मिळते आणि लोक ती उत्तम पियानोवर वाजवतात. ते नक्की काय वाजवतात, हे मला खरंच कळत नाही.

काळी तबकडी:
जॅरेटचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं, अनवट. स्वरलिपी छापायला मान्यता देताना त्यानेच बजावलं होतं की अंतिम आधार रेकॉर्डचाच धरायचा. मी कागद म्हणतो तो हाच.

आणि पुढचा सूर माहीत असतो म्हणता, ते सगळीकडे खरं नाही. इव्हान पार्करची १९७८ ची 'मोनोसेरॉस' ऐका. एकटा सोप्रानो सॅक्सोफोन, मध्ये टेपसुद्धा नाही, वादन थेट तबकडीवर कोरलेलं. गालात साठवलेली हवा बाहेर ढकलत तो त्याच वेळी नाकाने श्वास आत घेतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. एका वाद्यातून दोन-तीन ओळी एकदम चालल्यासारख्या वाटतात. मी आज वरची ओळ धरली तर खालची सुटते. इतक्या वेळा ऐकूनही मला ती पाठ नाही.

खर्ज:
तुम्ही दोघंही लिखित आणि उपज यांच्यात भिंत धरून बोलताय. ती भिंत तेवढी जाड नाही.

इटालियन संगीतकार जाचिंतो शेल्सी आधी वाद्यावर उपजेने वाजवायचा, ते टेपवर घ्यायचा, आणि मग दुसऱ्यांकडून त्याची स्वरलिपी करून घ्यायचा. म्हणजे टेप आधी, कागद मागून. उलट जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे'ची दुसरी बाजू घ्या. सुरुवातीचा शांत भाग शेवटी पुन्हा येतो, कारण निर्माता टिओ मॅसेरोने तोच टेपचा तुकडा पुन्हा जोडला. वाजवलं एकदा, ऐकू येतं दोनदा. कार्ड्यू ज्या क्षणाबद्दल बोलतो तो इथे कुठला धरायचा?

कागद असला तरी प्रश्न सुटत नाही, हेही सांगतो. अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमनची दुसरी स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेली रचना (१९८३), साधारण सहा तासांची आहे. फ्लक्स क्वार्टेटचं ध्वनिमुद्रण पाच सीडींवर निघालं आणि एका डीव्हीडीवरही. मी दोन्ही ऐकलंय. सीडी बदलायला चार वेळा उठावं लागतं, आणि प्रत्येक वेळी किती वेळ गेला ते कळतं. डीव्हीडीवर ते भान हळूहळू सुटत जातं, आणि फेल्डमनला तेच हवं होतं असं मला ठामपणे वाटतं. सूर तेच असूनही दोन वेगळ्या रचना ऐकल्यासारख्या वाटल्या.

मध्यलय:
'रेकॉर्ड हाच कागद' म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. माइल्स डेव्हिसच्याच 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण २ मार्च १९५९ चं. त्या दिवशी मूळ टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे तबकडीवर ती तिन्ही वादनं थोडी चढी उतरली. दुरुस्ती झाली १९९२ च्या आवृत्तीत. तोवर लोक त्या चढ्या सुरालाच खरा सूर मानून बसले होते.

पाटीपेन्सिल:
मला संग्राहकांची दुसरी सवय जास्त खटकते. जे सापडेल ते सगळं हवं, ही. जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर २९ जुलै १९४६ ला स्टुडिओत उभाही राहू शकत नव्हता. त्या दिवशीचं 'लव्हर मॅन' त्याच्या मनाविरुद्ध बाजारात आलं, आणि त्याला ते फार लागलं. आपण ते आजही मिटक्या मारत ऐकतो.

पार्करचा चाहता डीन बेनेडेटी, त्याचं आणखी वेगळं. तो पार्करच्या मागे यंत्र घेऊन फिरला आणि फक्त पार्करचेच सोलो घेतले. दुसरा वाजवायला लागला की यंत्र बंद. १९९० मध्ये ते सगळं सात सीडींवर निघालं. पण पार्कर कुणाला तरी उत्तर देत होता ना? इथे उत्तरं उरली आणि प्रश्न कापले गेले.

काळी तबकडी:
पाटीपेन्सिल, 'लव्हर मॅन'बद्दल तुमचं बरोबर आहे. मी ते बरीच वर्षं लावलेलं नाही. त्यात ऐकू येतं ते एका आजारी माणसाचं हाल होणं, आणि ते ऐकायला त्याची परवानगी नव्हती.

पण जास्तीचे टेक, म्हणजे त्याच रचनेची वेगळी ध्वनिमुद्रणं, नकोतच, हे मला मान्य नाही. 'फ्री जॅझ'चा आधी घेतलेला टेक १९७१ मध्ये बाहेर आला, १७ मिनिटांचा. मोठ्या टेकशेजारी ठेवून ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दोन सोलोंच्या मध्ये सगळे एकत्र जे वाजवतात ते आधीच ठरलेलं होतं. इतकी वर्षं मी त्यालाही उपज समजत होतो. एकच टेक हाताशी असेल तर ठरलेलं काय आणि सुचलेलं काय, हे कशावरून ओळखणार? लाफारोची धाव मात्र दोन्हीकडे निराळी आहे. ती ठरलेली नव्हती, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो.

अनवट:
हा मुद्दा मी कधी असा ऐकला नव्हता. दोन टेक शेजारी ठेवल्यावर ती अनिश्चितता थोडीफार परत दिसते, एवढं मान्य. एकच टेक शंभर वेळा ऐकण्याबद्दल माझं मत मात्र तेच आहे.

छोटा टेक मी ऐकलेला नाही. आज रात्री ऐकतो, एकदाच.

काळी तबकडी:
स्पीकर नको, हेडफोनवर ऐका. आणि आधी मोठा टेक नका लावू, थेट १७ मिनिटांचाच लावा. डाव्या कानात लाफारो.