मदत हवी आहे : फोर बाय फोर पिकअपचा दुसरा गिअर सुटतो, रिव्हर्स करकरतो. गिअरबॉक्स बदलायचाच का?

ओढ्यापलीकडे

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा, खरंच गरज आहे.

गाडी डबल केबिन डिझेल पिकअप, २०११ चं मॉडेल. पार्ट-टाइम फोर बाय फोर (चारही चाकांना जोर लागेल तेव्हाच लावायचा), पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, गिअरचा दांडा थेट बॉक्सवर, क्लच हायड्रॉलिक. आमची वाडी हिरडस मावळात, भोर-महाड रस्ता सोडून आत. मधे ओढा आहे, त्याला पूल नाही. पावसाळ्यात ओढा ओलांडून वर येणारी ही एकच गाडी. खताची पोती, दुधाचे कॅन हे तर आहेच, पण रात्री कुणाचं पोटात दुखायला लागलं, कुणाला साप चावला, तरी भोरला दवाखान्यात हीच गाडी जाते. त्यामुळे तिच्यावर भरवसा नसला की झोप लागत नाही.

त्रास असा :

रिव्हर्स सकाळी गार गाडीत नीट पडतो. इंजिन तापलं आणि चिखलात मागे-पुढे करायची वेळ आली की टाकताना करकर आवाज येतो. इंजिन बंद केलं तर सगळे गिअर अलगद पडतात.

तिसऱ्यावरून दुसरा टाकताना दात घासल्यासारखी खरखर होते. पहिल्यावरून दुसरा टाकताना हा आवाज फारच कमी.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. वरंध घाटात भरलेली गाडी दुसऱ्यावर उतरवताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कधीकधी गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येतो. मागे माणसं बसलेली असताना असं झालं की काय होतं ते सांगायला नको.

जवळच्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी चालवून पाहिली आणि म्हणाले, ‘बॉक्स संपला, जुन्या गाडीचा उतरवलेला बॉक्स मिळतो तो बसवू.’ खर्च मोठा आहे, आणि तो जुना बॉक्स तरी कशावरून चांगला? गाडी खोलण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

घाटमाथा

दादा, सोपा उपाय सांगतो. बॉक्समध्ये १४० नंबरचं ऑइल टाका. आमच्या जीपला टाकलं होतं, आवाज बराच बसला.

पाना_पक्कड

घाटमाथा, आवाज बसतो हे खरं, पण रोग तसाच राहतो. सिंक्रो रिंगचं काम म्हणजे गिअरच्या कोनावर घासून गिअर आणि शाफ्ट दोघांचा वेग जुळवणं. त्यासाठी रिंगेला मधला ऑइलचा थर कापावा लागतो. ऑइल जाड झालं की थर लवकर कापला जात नाही आणि गिअर उलट जास्त घासत पडतो, गार गाडीत तर नक्कीच. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच टाका.

ओढ्यापलीकडे, तुम्ही लक्षणं वेगवेगळी लिहिलीत हे फार चांगलं केलंत. मला यात एकच रोग दिसत नाही. तीन त्रास आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात. ‘बॉक्स संपला’ हे उत्तर तिन्हींना एकदम लावलं की पैसे जातात आणि नव्या बॉक्सवरही रिव्हर्स करकरतच राहतो.

रिव्हर्सपासून सुरू करा. बऱ्याच बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच दाबला की इनपुट शाफ्ट (इंजिनाचा जोर बॉक्समध्ये आणणारा) दोन-तीन सेकंदांत थांबायला हवा. क्लच पूर्ण सुटत नसेल तर तो फिरतच राहतो आणि दात दातावर आपटतात. इंजिन बंद असताना सगळं अलगद पडतं, म्हणजे संशय आधी क्लचवर.

आता चाचणी. गाडी तापवा, सपाट जागी उभी करा, क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकरला तर न्यूट्रलला या, पेडल भराभर तीन-चार वेळा पंप करा आणि दाबून धरून पुन्हा टाका. पंप केल्यावर आवाज गेला तर दोष हायड्रॉलिकमध्ये आहे : हवा शिरली आहे, किंवा पेडलकडच्या मास्टर नाहीतर बॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर गेलं आहे. पंप करूनही फरक नाही पडला तर प्लेट, प्रेशर प्लेट किंवा पायलट बेअरिंगकडे पाहावं लागेल.

दुसऱ्या गिअरसाठी डबल क्लच करून पाहा. तिसऱ्यावरून न्यूट्रल, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरचा हलका दाब, पुन्हा क्लच, मग दुसरा. असा तो बिनआवाज पडला तर दात बहुधा शाबूत आहेत आणि रिंग कामातून जात चालली आहे. खाली उतरवताना रिंगेला शाफ्टचा वेग बराच वाढवावा लागतो, म्हणून झिजलेली रिंग आधी तिथेच बोलते.

चाकोरी

माझा प्रश्न ओढ्याबद्दल. पाणी किती असतं? आणि बॉक्सच्या ब्रीदरला (आतली हवा ये-जा करायचं भोक) वर नेलेली नळी आहे का?

विचारण्याचं कारण असं. घाट उतरून आलेला बॉक्स तापलेला असतो. तो गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं आत ओढते. ब्रीदर बॉक्सच्याच डोक्यावर असेल आणि पाणी तिथवर पोचत असेल तर त्यातून थेट पाणी आत. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या ओठांतून आत. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा), पुढचा आणि मागचा डिफरन्शिअल, सगळ्यांची हीच गत. आमच्या भागात भातखाचरांतून ये-जा करणाऱ्या गाड्यांचे बॉक्स झिजून मरण्याआधी पाण्याने मरतात.

ऑइल काढून बघा. पण आधी वरचा फिलर प्लग सुटतोय का ते पाहा, मगच खालचा ड्रेन प्लग खोला. वरचा गंजून बसला असेल आणि ऑइल काढून झालं असेल तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी बारीक लगदा असेल तर घाबरू नका, तो असतोच. लोखंडाचे बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर मात्र दात किंवा बेअरिंग. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ऑइल उथळ परातीत घेऊन उन्हात तिरकं धरा. पिवळी चमचम दिसली तर ती रिंगेची.

ओढ्यापलीकडे

चाकोरी, पाना_पक्कड, मनापासून आभार. सांगितलं तसं सगळं केलं.

पाणी जोराच्या पावसात हबच्या वर जातं. ब्रीदरला नळी नाही, बॉक्सच्या माथ्यावर छोटी टोपी आहे आणि ती चिखलाने पूर्ण भरलेली होती. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं निघालं. चुंबकावर लगदा, टोचणारं काही नाही. उन्हात धरल्यावर पिवळी चमक स्पष्ट दिसली. ट्रान्सफर केसचं ऑइल मात्र स्वच्छ आहे.

पेडल पंप केल्यावर रिव्हर्स एकदम शांत पडला! स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट मागे सरकवलं तर आत ओलं होतं, बोटाला ब्रेक ऑइल लागलं. डबल क्लच केल्यावर दुसराही बिनआवाज पडतो.

पण गिअर सुटणं तसंच आहे. त्याला काय करू? सध्या उतारावर दांडा हाताने दाबून धरतोय.

पाना_पक्कड

हाताने दाबून धरणं आजपासून बंद करा. तेवढा वेळ आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) फिरत्या स्लीव्हवर रेटलेला राहतो आणि त्याचे पॅड खाल्ले जातात. भरलेली गाडी असेल तर घाटात सरळ पहिल्यावर उतरा, ब्रेक तापू देऊ नका. डांबरावर फोर बाय फोर लावून उतरू नका. पार्ट-टाइम गाडीत पुढची-मागची चाकं वळणावर वेगळं अंतर कापतात, कोरड्या रस्त्यावर घसरायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

स्लेव्ह सिलिंडर नवीन घाला, नुसतं रबर किट बदलून भागेलच असं नाही. आत गंजाचे खड्डे असतील तर नवं रबरही लवकर कापलं जातं. मग जुनं द्रव पूर्ण काढून टाका आणि हवा काढा.

आता गिअर सुटण्याबद्दल. ॲक्सिलरेटर सोडला की दातांवरचा जोर उलट्या बाजूला येतो. दातांच्या कडा गोल झाल्या असतील, डिटेंटची (गिअर जागेवर धरून ठेवणारी) स्प्रिंग मेली असेल, किंवा मेन शाफ्टला जास्त खेळ असेल तर गिअर त्याच क्षणी बाहेर पडतो. हे सगळं बॉक्सच्या आतलं. पण बाहेरचंही एक कारण आहे आणि ते बघायला पैसे लागत नाहीत. तुमचा दांडा थेट बॉक्सवर आहे. माउंटचं (बॉक्स ज्यावर टेकतो त्या आधाराचं) रबर फाटलं असेल तर जोर उलटला की पूर्ण बॉक्स हलतो, दांडा फ्लोअरच्या कापाला किंवा ताठ झालेल्या रबरी बुटाला टेकतो आणि गिअर बाहेर ढकलला जातो. दुसऱ्या कुणाला चालवायला सांगा, तुम्ही बाजूला बसून दांड्याकडे बघा. ॲक्सिलरेटर दिला-सोडला की दांडा किती सरकतो?

ओढ्यापलीकडे

दांडा चांगला दोन बोटं पुढे-मागे जात होता. खाली शिरून पाहिलं, बॉक्सच्या माउंटचं रबर धातूपासून पूर्ण सुटलेलं. वरून काहीच दिसत नव्हतं, पहारीने जरा उचलल्यावर फट उघडी पडली.

पुण्याला नाना पेठेतून माउंट आणि स्लेव्ह सिलिंडर आणलं, गावातल्या फिटरकडून दोन्ही बसवून घेतलं. रिव्हर्स आता गरम गाडीतही शांत. दुसरा गिअर घाटात सुटला नाही, रिकाम्या गाडीतही आणि पोती भरूनही. तिसऱ्यावरून दुसऱ्याची खरखर आहेच.

आता रिंगेसाठी बॉक्स लगेच खोलायचा की भातकापणी होईपर्यंत थांबता येईल?

चाकोरी

लोखंडी तुकडे नव्हते, गिअर सुटायचा थांबला, म्हणजे थांबता येईल, पण पाणी आत ठेवून नाही. पुस्तकातल्या ग्रेडचं ऑइल भरा, गाडी तापेल इतकी चालवा, काढा. पुन्हा दुधाळ निघालं तर अजून एकदा तेच. स्वच्छ निघालं की कायमचं भरा. गाडी सपाट असताना फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की पुरे.

डबा घेताना नुसतं ‘ईपी ९०’ बघून घेऊ नका. त्यात जीएल-४ पण येतं आणि जीएल-५ पण. पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर तेच आणा. जीएल-५ डिफरन्शिअलच्या जबर दाबासाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात आणि अशी काही ऑइलं पितळी रिंगांना खातात.

तोवर दुसरा गिअर टाकताना डबल क्लच करत चला.

पाना_पक्कड

चाकोरींशी सहमत. बॉक्स खोलाल तेव्हा शेजारी उभे राहा. नुसती दुसऱ्याची रिंग बदलून बंद करू देऊ नका. जुनी रिंग कोनावर दाबून रिंग आणि गिअरमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांचं माप) मोजायला सांगा, नवी बसवूनही मोजायला सांगा, आणि पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहा. नव्या रिंगेलाही फट मिळत नसेल तर गिअरचा कोनच झिजला आहे, मग गिअर बदलल्याशिवाय उपयोग नाही. स्लीव्हचे दात आणि फोर्कचे पॅड बघा. बेअरिंगांत पाणी बसलेलं होतं, त्यामुळे ती धुऊन, हातावर फिरवून, खरखर लागली तर बदला. बॉक्स खाली आलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि पुढचं-मागचं सील नवीन टाका. प्लेटची जाडी तेव्हाच कळेल.

आणि ब्रीदर?

ओढ्यापलीकडे

ब्रीदरचं काम झालं. टोपी काढून तिथे नळीचं निपल बसवलं, रबरी नळी इंजिनखोलीत फायरवॉलच्या वरच्या कडेला नेऊन क्लिपने बांधली, तोंड खाली वळवलं. दोन्ही डिफरन्शिअल आणि ट्रान्सफर केसच्या नळ्याही तिथेच आणल्या. ऑइल दुसऱ्यांदा काढलं ते स्वच्छ निघालं, आता जीएल-४ भरलंय. बॉक्स कापणीनंतर खोलतो. फटीचं माप आणि रिंगेचे फोटो इथेच टाकेन.