शब्बाथला तांदळाची भाकरी की चपाती?

वहिनी, ठाणे: सगळ्यांना शालोम. उद्या शब्बाथला, म्हणजे आपल्या ज्यूंच्या शुक्रवार संध्याकाळी लागणाऱ्या विसाव्याच्या दिवशी, आमच्याकडे चौदा जण आहेत. बेकरीच्या पावात दूध आहे की नाही ते कळत नाही आणि जेवायला मटण आहे, दूध-मांस तर आपण एकत्र खात नाही. म्हणून आई म्हणतात तांदळाच्या भाकऱ्या करू. दोन भाकऱ्यांवर हामोत्सी, म्हणजे भाकरी-पावावरची बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना), म्हटलं तर चालेल ना?

आत्या, पनवेल: न चालायला काय झालं? कोकणात भाकरीच तर खाल्ली आपण.

मामा, लोद (इस्राएल): थांबा, घाई करू नका. हामोत्सी फक्त पाच धान्यांच्या भाकरी-पावावर: गहू, जव, राय, ओट्स आणि स्पेल्ट, म्हणजे गव्हाचीच जुनी जात. तांदूळ त्यात येत नाही. तांदळाच्या भाकरीवर ‘बोरे मिने मेझोनोत’ ही बेराखा म्हणायची आणि खाऊन झाल्यावर ‘बोरे नेफाशोत’. शब्बाथच्या जेवणाला मात्र हामोत्सीचीच भाकरी लागते.

आत्या, पनवेल: म्हणजे आपली भाकरी कमी दर्जाची? मला हे पटत नाही हो.

मामा, लोद: अजिबात नाही, ताई. उलट तांदळाचा मान बघा. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर शुल्हान आरूख या आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथाप्रमाणे नुसतं ‘शेहाकोल’ म्हणतात, जे आपण पाण्यावरही म्हणतो. मेझोनोत म्हणजे पोट भरणाऱ्या अन्नाची बेराखा, आणि ती पाच धान्यांबाहेर एकट्या तांदळाला मिळाली. गेमारात, म्हणजे धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, बेराखोत या भागाच्या ३७व्या पानावर त्यावर चांगली चर्चा आहे. भात खाऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांना मला तरी ती फार जवळची वाटते.

दादा, अश्दोद (इस्राएल): मग गव्हाच्या चपात्या कर की. कणीक घट्ट मळून तव्यावर भाजली की ती भाकरीच झाली, इथल्या पिटा ब्रेडसारखी. तव्याला चिकटू नये म्हणून तेलाचं बोट फिरवलंस तरी बिघडत नाही.

वहिनी, ठाणे: पुऱ्या केल्या तर? मुलांना आवडतात.

मामा, लोद: तळलेल्या पिठावर मतभेद आहेत. म्हणून पुऱ्या वेगळ्या ठेव, चपातीवर हामोत्सी झाली की जेवणात खुशाल खा. आणि हामोत्सीसाठी दोन चपात्या अख्ख्या हव्यात, फाटलेल्या नकोत. वाळवंटात आपल्या पूर्वजांना शुक्रवारी मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, दुप्पट मिळायचा, त्याची ती आठवण. किद्दुश (प्याल्यावरची शब्बाथची प्रार्थना) होईपर्यंत त्या कापडाखाली झाकून ठेव. एरवी बेराखाचा पहिला मान भाकरीचा, पण शब्बाथला मनुकांच्या शरबताचा प्याला आधी येतो. भाकरीला ते दिसू नये, तिला कमीपणा वाटू नये, म्हणून झाकायचं. ज्या भाकरीला जीव नाही तिचं मन जपायला जी शिकवण सांगते, ती माणसाचं किती जपायला सांगत असेल! मुलांना हे नक्की सांग.

आत्या, पनवेल: हे मात्र खरं. आणि वहिनी, कणीक दुधात भिजवू नकोस हं, चपातीला तूपही नको. मटण आहे.

मामा, लोद: बरोबर. दुधात मळलेली भाकरी नकळत मटणाबरोबर खाल्ली जाईल, म्हणूनच ती मनाई आहे.

दादा, अश्दोद: हात धुवायचा तांब्या बेसिनजवळ ठेव. आधी उजवा, मग डावा. नेतिलात यादाईमची, म्हणजे हात धुण्याची, बेराखा म्हटली की मिठाला लावलेला घास तोंडात जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही. चौदा जण आहेत, त्यामुळे वेळ लागेल. लहानांना आधीच सांगून ठेव.

वहिनी, ठाणे: हो. मग भात, भाजी, मटण यांवर वेगळ्या बेराखा?

दादा, अश्दोद: नको. हामोत्सीत जेवणाचे सगळे पदार्थ आले. नंतर फळं कापलीस तर त्यांवर म्हणायची.

मामा, लोद: आणि शेवटी बिर्कात हामाझोन, म्हणजे जेवणानंतरची प्रार्थना. तीन पुरुष असतील तर आधी झिमून, म्हणजे त्या प्रार्थनेचं एकमेकांना बोलावणं. ‘खाऊन तृप्त हो आणि देवाचा धन्यवाद कर’ ही आपल्या धर्मग्रंथाची, तोराचीच आज्ञा आहे, त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात ८:१०. भरल्या पोटी घाईघाईत उरकू नका.

वहिनी, ठाणे: शनिवारच्या जेवणासकट दोन किलो कणीक एकदमच मळणार आहे.

मामा, लोद: मग हाल्ला, म्हणजे कणकेतून वेगळा काढायचा गोळा, काढायलाच हवी. साधारण १.६६ किलोच्या वर पीठ असलं की बेराखा म्हणून काढायची, तोराच्या ‘गणना’ पुस्तकाच्या १५व्या अध्यायातली आज्ञा. पूर्वी हा वाटा कोहेनला, म्हणजे पुरोहिताला, जायचा. आता कोणाला देता येत नाही, खाताही येत नाही, म्हणून जाळतात.

आत्या, पनवेल: लिंबाएवढा गोळा पुरे. फॉइलमध्ये गुंडाळून गॅसवर पार काळा कर, मेणबत्त्या लावायच्या आत. शब्बाथ लागला की हाल्ला काढता येत नाही. आणि त्या तांदळाच्या भाकऱ्या रविवारी कर, मी येतेय.