लोकल बंद पडते तेव्हा सायकलवाल्याला लेट मार्क का?

मुलुंडकर:
मी मुलुंडहून कुर्ल्याच्या कार्यालयात लालबहादूर शास्त्री मार्गाने सायकलने जातो. एरवी वेळेत पोहोचतो. मध्य रेल्वे विस्कळीत झाली, की मात्र रिक्षा, टॅक्सी, खासगी गाड्या सगळ्या त्याच रस्त्यावर उतरतात आणि भांडुपपासून पुढे बऱ्याचदा सायकल हातात धरून चालावे लागते. अशा दिवशी लोकलने येणारे सहकारी एम-इंडिकेटर या लोकलची माहिती देणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवरचा संदेश दाखवतात आणि त्यांचा लेट मार्क माफ होतो. मला मात्र ‘तुमचा रेल्वेशी काय संबंध?’ असे एचआरकडून ऐकून घ्यावे लागते. आमच्याकडे तीन लेट मार्कांना अर्धी रजा कापतात. हे कितपत योग्य आहे?

मस्टरवाली:
मी आस्थापना विभागातच काम करते. पूर्वसूचना असलेला खोळंबा सोपा असतो. मे 2024 अखेरीस ठाण्याच्या फलाटांच्या रुंदीकरणासाठी 63 तासांचा ब्लॉक झाला, तेव्हा कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावे असे आवाहन रेल्वेनेच केले होते. कसोटी लागते ती 8 जुलै 2024 सारख्या सकाळी. त्या सोमवारी पहाटेपर्यंत शहरात काही ठिकाणी सहा तासांत 300 मिमीहून अधिक पाऊस झाला आणि रुळांसोबत रस्तेही पाण्याखाली गेले. अशा वेळी कोण कशाने आले याची चौकशी करत बसण्यापेक्षा त्या दिवसाचे लेट मार्क सरसकट रद्द करणे आम्हाला सोयीचे पडते. पुरावे तपासण्यातच निम्मा दिवस जातो, हे वेगळेच.

कलमदान:
कायद्याचे दोन भाग वेगळे ठेवा. गैरहजेरीपोटी वेतन कापायचे झाल्यास ते गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणातच कापता येते. हे तत्त्व 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमात होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही कायम आहे. वीस मिनिटांच्या उशिरासाठी अर्ध्या दिवसाचा पगार कापणे त्यात बसत नाही. तुमची मात्र रजा कापली जाते, म्हणून आधी नियुक्तीपत्र आणि रजेचे नियम वाचा. तिथे ‘रेल्वे’ असा शब्द आहे की ‘वाहतूक विस्कळीत झाल्यास’ असे म्हटले आहे, यावर बरेच अवलंबून आहे.

जुना_डबेकरी:
थोडे कडू बोलतो. आम्ही कल्याणहून लोंबकळत येतो आणि गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली, तर उतरून रुळांतून चालण्यावाचून गत्यंतर नसते. तुम्हाला निदान गल्लीबोळाची वाट धरता येते. पाऊस दिसताच अर्धा तास आधी निघा.

मुलुंडकर:
पाऊस असला तर आधी निघतोच. पण ओव्हरहेड वायर तुटल्याचे मला रस्ता तुंबल्यावरच कळते. शिवाय घाटकोपरच्या गल्ल्यांतही तेव्हा दुचाकी शिरलेल्या असतात. नियमावली काढून पाहिली. तिच्यात ‘सार्वजनिक वाहतूक’ असे शब्द आहेत. ते बदलून ‘शहरातील वाहतूक’ असे करावे आणि तोवर अशा दिवशीची सवलत सर्वांना द्यावी, असा अर्ज सोमवारी देत आहे.