अटल सेतू, बुलेट ट्रेन आणि जपान: मैत्री म्हणायची की कर्जाचा व्यवहार?

उलवेकर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "जपानने पूल दिला, आता बुलेट ट्रेन देतोय, मित्र असावा तर असा." लगेच खाली उत्तर आलं, "देतोय कसला, व्याजाने पैसे लावतोय." मला दोन्ही अर्धवट वाटतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला. शिवडी ते न्हावा शेवा, २१.८ किमी. खर्चाचा मोठा वाटा जायका या जपान सरकारच्या विकास-साहाय्य संस्थेच्या कर्जातून आला. पण मुंबईचा जपानशी संबंध त्याच्या कितीतरी आधीचा. १८९३ मध्ये जमशेदजी टाटांनी निप्पॉन यूसेन कैशा या जपानी बोट कंपनीला सोबत घेऊन मुंबई-कोबे कापसाची वाहतूक सुरू केली. तोवर पी अँड ओ ही इंग्रज कंपनी सांगेल ते भाडं मोजावं लागायचं. जपानी गिरण्यांना आपला कापूस हवा होता, आपल्या व्यापाऱ्यांना परवडणारी बोट हवी होती. इंग्रजांनी भाडं पाडून दोघांना हटवायचा प्रयत्न केला. टाटांच्या बोटी बंद पडल्या, पण जपानी कंपनीचा मार्ग चालू राहिला. पारतंत्र्यात असताना आपल्या माणसाने दुसऱ्या देशाशी बरोबरीने केलेला हा व्यवहार मला आजही मोलाचा वाटतो.

नंतरचं बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी शांतता करार करायला १९५१ मध्ये भरलेल्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेला नाही. १९५२ मध्ये जपानशी स्वतंत्र शांतता करार केला आणि युद्धाची भरपाई मागायची नाही असं ठरवलं. त्याआधी १९४९ मध्ये टोकियोच्या मुलांच्या मागणीवरून नेहरूंनी उएनो प्राणिसंग्रहालयाला इंदिरा हत्तीण पाठवली होती. आपल्याकडे अन्नधान्याची टंचाई होती त्या काळातली ही गोष्ट. पुढे १९५८ मध्ये जपानने येनमधलं पहिलंवहिलं कर्ज दिलं ते भारताला.

माझं मत: पैसे कुणाचेही असोत, ते फेडायचेच असतात. आपल्या माणसांच्या हातात कोणतं कसब आलं, ते मोजा. त्या मापाने जपानशी असलेलं नातं आपल्याला फायद्याचं ठरलंय.

खाडीकाठ

दादा, असहमत. मी ठाण्याजवळच्या दिवा गावचा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन म्हातार्डीला होतंय, त्या पट्ट्यातल्या माणसांच्या जमिनी गेल्यात. तुम्ही १८९३ सांगितलंत, मग १९३३ पण सांगा. जपानी कापड स्वस्तात येऊन मुंबईच्या गिरण्यांचं कंबरडं मोडायला लागलं तेव्हा इथे आयात कर वाढला, आणि जपानने आपला कापूस घ्यायचंच बंद केलं. १९३४ च्या करारानंतर ते मिटलं. तेव्हा मार बसला कापूस पिकवणाऱ्याला. आणि १९९१? परकीय चलन संपलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. तारण घेणाऱ्याला मी सावकार म्हणतो. १९९८ ला पोखरणनंतर नवी कर्जं थांबवली तीही जपाननेच.

पाचपाखाडी

निवृत्त बँकवाली आहे, म्हणून कर्जाबद्दलच बोलते. बुलेट ट्रेनच्या मूळ खर्चापैकी ८१ टक्के जपानी कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं आणि पहिली १५ वर्षं मुद्दल नाही. इतक्या सवलतीत बाजारात कुणी उभं करणार नाही. खाडीकाठ यांचा सोन्याचा मुद्दा मला पटत नाही. तारण न ठेवता त्या वर्षी आपल्याला कुणीच पैसे देत नव्हतं. अण्वस्त्रांबद्दल म्हणाल तर हिरोशिमा-नागासाकी ज्यांच्यावर गुदरलं त्या देशाने दुसरं काय करावं? २००१ मध्ये त्यांनी निर्बंध उठवलेही.

खाडीकाठ

ताई, व्याज कमी आहे, मान्य. पण फेड येनमध्ये आहे. पन्नास वर्षांत येन वधारला तर तो भार कुणाच्या खिशातून जाणार? आणि सवलतीच्या बदल्यात तंत्र शिंकान्सेनचंच, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचंच, घ्यायचं ठरलं होतं.

दिवाळे कोळीवाडा

तुम्ही पैशांवर भांडताय, मी पाण्याचं सांगतो. सेतूच्या खांबांच्या कामात आमच्या जाळ्यांची जागा गेली. पुढे भरपाई ठरली, ती भांडून मिळाली. बुलेट ट्रेनसाठी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सुमारे २२ हजार कांदळवनाची झाडं तोडायला परवानगी दिली. कांदळवनात मासळीची पिल्लं वाढतात. दोन देशांची मैत्री झाली त्याचा आनंद आहे, पण त्या टेबलावर कोळी बसला होता का?

उलवेकर

दिवाळेकर, तुमचा प्रश्न रास्त आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एक मात्र नोंदवतो. ठाणे खाडीखालून ७ किमीचा बोगदा आखला तो फ्लेमिंगो अभयारण्य वाचावं म्हणूनच. आणि २०१८ मध्ये गुजरातच्या शेतकऱ्यांनी थेट जायकाला आक्षेपाचं पत्र पाठवलं होतं. कर्ज देणाऱ्याचे नियम लेखी असतात, म्हणून तिथे दाद मागता येते. आपल्याकडच्या गावांनीही ते करायला हवं.

खाडीकाठ, तंत्र त्यांचं म्हणता ते गाड्यांपुरतं. सेतूवर बोटी जाव्यात म्हणून लांब गाळे हवे होते, त्यासाठी 'ऑर्थोट्रॉपिक' प्रकारचा पोलादी डेक, म्हणजे रस्त्याखालचा पोलादी तळ, देशात पहिल्यांदा वापरला. ते काम करणाऱ्यांत एल अँड टीसोबत जपानची आयएचआय होती, तर दुसऱ्या पॅकेजमध्ये टाटांसोबत कोरियाची देवू. म्हणजे सगळे पैसे फिरून जपानलाच गेले असं नाही. बुलेट ट्रेनच्या पुलाचे ४० मीटरचे अख्खे गर्डर (काँक्रीटच्या तुळया), प्रत्येकी सुमारे ९७० टनांचे, आज आपलेच लोक ओततात आणि चढवतात. खाडीखालचा बोगदा अ‍ॅफकॉन्सकडे आहे. एकदा जमलेलं काम पुढच्या प्रकल्पात कर्जाशिवायही करता येतं.

पाचपाखाडी

हे महत्त्वाचं आहे. दिल्ली मेट्रोही जपानी कर्जावर उभी राहिली आणि आज तिथले अभियंते इतर शहरांना सल्ला देतात.

खाडीकाठ

ते अभियंते मोठ्या कंपन्यांचे झाले. आमच्या पट्ट्यातल्या आयटीआयच्या पोरांना काय? रूळ बसवायचं प्रशिक्षण जपानी तज्ज्ञांकडून दिलं जातंय, ते चांगलं आहे. त्यात प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी जागा राखीव ठेवा. म्हातार्डीच्या स्टेशनात आमची मुलं नुसती पहाऱ्यावर नकोत, कंट्रोल रूममध्येही हवीत. एवढी अट लेखी येऊ दे, मग मैत्रीबद्दल मी नव्याने विचार करीन. येनच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे.